‘ओरिजिनल पॅरिस सूर’: जुनी पेटी ऑनलाइन घेण्यापूर्वी

गेल्या श्रावणात आमच्या वेळणेश्वरच्या भजनी मंडळातल्या एका मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. जाहिरात पेटीची होती. ‘१०० वर्षं जुनी अँटिक हार्मोनियम. ओरिजिनल पॅरिस सूर. हस्तिदंती पट्ट्या. आजवर एकदाही उघडलेली नाही. आजोबांची आठवण, नाइलाजाने विकणे आहे. ६८,००० रुपये, भाव पक्का.’ खाली चार फोटो होते, चारही बाहेरून काढलेले. मंडळाकडे वर्गणीचे आणि मुंबईकरांनी पाठवलेले मिळून ४० हजार जमले होते. “काका, वरचे मुंबईवाले घालतील. पण ही पेटी हातची जायला नको,” तो म्हणाला.

मी त्याला पंधरा दिवस थांबायला सांगितलं. त्या पंधरा दिवसांत एक पैसाही न पाठवता त्या जाहिरातीतली जवळजवळ सगळी विधानं आम्ही घरबसल्या तपासली. कशी तपासली ते इथे सविस्तर लिहितो. गुहागर तालुक्यात गावोगाव भजनी मंडळं आहेत, नमन आहे, जाखडी आहे. जुनी पेटी शोधणारे आम्ही एकटे नाही.

मला ही खबरदारी शिकवली ती एका जुन्या चुकीने. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशीच एक पेटी न बघता १८ हजारांना घेतली होती. विकणाऱ्याने फोनवर दोन मिनिटं वाजवून दाखवली, मला आवाज गोड वाटला, मी पैसे पाठवले. पेटी आली तेव्हा भात्याच्या घड्यांवर आतून चिकटपट्टी लावलेली निघाली आणि चौदा सूर इतके खरवडलेले, की कारागिराने ते हातात घेऊन नुसती मान हलवली. भाता नव्याने बांधायला ४,०००, सूर बदलायला २,८००, पट्ट्यांखालची बनात आणि स्प्रिंगा २,२००, वर सगळी पेटी लावून घ्यायला २,५००. म्हणजे १८ हजारांची पेटी मला २९,५०० ला पडली. तेवढ्यात त्या वेळी नवी, चांगली पेटी आली असती.

भाव कशाचा असतो

पेटीचा भाव तीन गोष्टींत असतो, आणि त्या तिन्ही बाहेरच्या फोटोत दिसत नाहीत. पहिली गोष्ट सूर, म्हणजे आत बसवलेल्या पितळी पात्या. दुसरी हवा, म्हणजे बाहेरचा भाता, आतला भाता आणि पट्ट्यांखालची गादी मिळून हवा किती धरून ठेवतात ते. तिसरी लाकूड आणि जोडणी. वरचं पॉलिश, पितळी कोपरे, नक्षीची जाळी ही सगळी शोभा आहे. हजार-दोन हजारांत ती कोणत्याही पेटीला चढवता येते.

यात सगळ्यांत मोठा वाटा सुरांचा. ३९ पट्ट्यांच्या, म्हणजे सव्वातीन सप्तकांच्या पेटीत खर्ज आणि नर अशा दोन ओळी असतील तर ७८ सूर असतात. साडेतीन सप्तकांच्या तीन ओळींच्या पेटीत १२६. ‘एखाददुसरा सूर बोलत नाही’ असं विकणारा म्हणतो तेव्हा एवढ्यांपैकी नेमके किती आणि कोणत्या ओळीतले, हा पुढचा प्रश्न लगेच विचारा. खर्जातले दोन-चार गेलेले असले तर चालून जातं. मधल्या सप्तकात नरातले दोन गेले असतील तर पेटी बंदच समजा, कारण तुमचं सगळं गाणं तिथेच आहे.

सूर लावताना कारागीर पाती किंचित खरवडतो. टोकाजवळ खरवडली तर स्वर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो. दर वेळी थोडं पितळ जातं. तीस-चाळीस वर्षं वाटेल त्याने वाटेल तशी लावलेली पेटी असेल तर पात्या पातळ होतात, सूर पटकन उतरतो, आणि जोरात हवा दिली की चिरकतो. जुनी पेटी घेताना आपण खरं तर हे शिल्लक पितळ विकत घेत असतो. म्हणून माझा नियम एकच: विकणारा जे उघडून दाखवणार नाही ते खराब आहे असं धरून भाव करायचा.

पॅरिस, जर्मन, पालिताणा

आता त्या भारी शब्दाकडे येऊ. हार्मोनियम हे नाव आणि यंत्र १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँने रूढ केलं. ते पायाने भाता मारायचं वाद्य होतं. मांडीपुढे ठेवून एका हाताने भाता मारायची आपली पेटी घडली ती कलकत्त्यात. द्वारकानाथ घोषांनी १८७५ मध्ये काढलेल्या द्वारकिन या पेढीचं नाव त्यात सगळ्यांत आधी घेतलं जातं. पुढे कित्येक वर्षं पेट्या इथे आणि सूर परदेशी अशी पद्धत होती. पॅरिसच्या कासरिएलचे, जर्मनीच्या ज्युबिलेटचे सूर आजही जुने वादक नावाने ओळखतात. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या आयात-निर्बंधांत ही आवक आटली, आणि सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे सूर देशभर पोचले. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच चांगल्या पेट्यांत पालिताण्याचेच सूर असतात. त्यात काही उणं नाही.

म्हणजे ‘पॅरिस सूर’ ही गोष्ट खरी असू शकते. तशा पेट्या आहेत, आणि चांगल्या राखलेल्या असतील तर त्यांना लाखाच्या घरातही भाव मिळतो. पण त्याच कारणाने ते शब्द फार स्वस्त झालेत. जाहिरातीत तीन प्रकार चालतात. एक, जुनी पेटी आणि तिचेच मूळ परदेशी सूर. दोन, जुन्या मोडक्या पेटीतले परदेशी सूर काढून नव्या खोक्यात बसवलेले. हा प्रकार प्रामाणिक असू शकतो, मात्र तसं सांगितलं पाहिजे. तीन, जुनं खोकं आणि आत नंतर घातलेले देशी सूर. तिसऱ्या प्रकारच्या पेटीला पहिल्या प्रकारचा भाव लावलेला असतो. आणि विकणारा दर वेळी लबाडच असतो असं नाही. आजोबांची पेटी पॅरिसच्या सुरांची, असं त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. मधे वडिलांनी सूर बदलून घेतले हे त्याच्या कानावर गेलेलंच नसतं.

तपास सोपा आहे. वरची फळी आणि पट्ट्या बाजूला करून सुरांच्या पाटीचा सरळ उजेडात काढलेला फोटो मागा. पाटीवर किंवा सुरांच्या पट्टीवर छाप आहे का, सगळ्या सुरांचा रंग आणि घडण एकसारखी आहे का, स्क्रू एकाच जातीचे आहेत का हे बघा. मधेच पाच-सहा सूर चकचकीत दिसले तर ते बदललेले आहेत. खरवडल्याचे ओरखडेही अशा फोटोत दिसतात. छाप दिसला नाही तर ‘पॅरिस’ या शब्दाचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. आवाज चांगला असेल तर आवाजाचे द्या.

पॅरिसच्या दाव्याला आणखी एक कसोटी आहे. फ्रान्समध्ये १८५९ पासून सूर मिळवण्याचं सरकारी माप ठरलं होतं: ‘ए’ (A) या स्वराला सेकंदाला ४३५ कंपनं. आज सगळीकडे ४४० चालतात. हा फरक साधारण २० सेंट, म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा पाचवा भाग. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये तो स्वच्छ दिसतो. आता विचार करा: पेटी पॅरिसच्या जुन्या सुरांची आहे, ‘एकदाही उघडलेली नाही’, आणि तरी ट्यूनरचा काटा ४४० वर बरोबर मधे उभा राहतो, हे कसं जमावं? ती कधीतरी उघडून लावलेली असणार. लावलेली असणं हा दोष नाही, उलट गरज आहे. पण मग जाहिरातीतलं एक वाक्य गळालं, आणि बाकीच्यांकडेही त्याच नजरेने बघायला हवं.

ट्यूनर वापरताना एक खबरदारी. काही पेट्या, विशेषतः एकल वादनाच्या, मुद्दाम ‘गांधार ट्यूनिंग’मध्ये लावलेल्या असतात. त्यांत षड्जाच्या मानाने शुद्ध गांधार १४ सेंट आणि शुद्ध निषाद १२ सेंट उतरलेला दिसेल, कोमल गांधार १६ सेंट चढलेला. हे प्रत्येक सप्तकात सारखंच दिसलं तर पेटी जाणत्या माणसाच्या हातची आहे. फरक मात्र कुठेही कसाही असेल तर ती नुसती बेसूर आहे.

शंभर वर्षं आणि हस्तिदंत

वय सांगायला कागद लागत नाही, पेटी स्वतःच सांगते. कारखान्याची चिठ्ठी झाकणाच्या आत किंवा मागे चिकटवलेली असते, तिचा जवळून फोटो मागा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी ‘मुंबई २८’ असे विभागांचे आकडे लिहीत. इंग्रजीत ‘मुंबई’ छापलेलं असेल तर बहुधा १९९५ नंतरचं. डोक्यावर अधिक चिन्हाची खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाले, तेव्हा ते आत दिसले तर कोणी तरी नंतर पेटी खोललेली आहे. सांध्यातला डिंक पांढरट, चकचकीत असेल तर तेही नंतरचं काम. जुने कारागीर सरस वापरत, तो तपकिरी आणि ठिसूळ दिसतो. फेविकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये.

आमच्या त्या ६८ हजारांच्या पेटीत हेच झालं. चिठ्ठीचा फोटो मोठा करून पाहिला तर पिनकोड होता. मुलगा म्हणाला, चिठ्ठी दुरुस्तीवाल्याची असेल. शक्य आहे. पण मग दुरुस्ती झालेली आहे, आणि ‘एकदाही उघडलेली नाही’ हे गेलं. दुरुस्तीवाल्याची नसेल तर ‘१०० वर्षं’ गेली. दोन्ही विधानं एकत्र उभी राहत नव्हती.

शिवाय वय हा काही गुण नव्हे. निगा न राखलेली सत्तर वर्षांची पेटी ही निगा राखलेल्या वीस वर्षांच्या पेटीपेक्षा वाईट. लाकूड मुरलेलं असतं हे खरं, पण भात्याचं कातडं आणि कापड मुरत नाही, कुजतं.

हस्तिदंताबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो: त्याच्या वाटेला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर आपल्याकडे हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार पूर्ण बंद झाला. वस्तू जुनी आहे, वारशाने आली आहे, या सबबीवर ती विकता येत नाही. म्हणजे दावा खरा असेल तर तुम्ही गुन्ह्यात भागीदार होता, आणि खोटा असेल तर फसता. बहुतेक वेळा तो खोटाच असतो. जुन्या पट्ट्यांवर सेल्युलॉइडचे किंवा हाडाचे पत्रे असत. हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात, सेल्युलॉइड एकसारखं गुळगुळीत असतं. कोणी गरम सुई टोचून परीक्षा करायला सांगितली तर करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

मोठ्या नावांचं ओझं

आपला तालुका पेटीच्या बाबतीत भाग्यवान आहे. गोविंदराव पटवर्धन गुहागरकडचे. संगीत नाटकांच्या आणि मैफलींच्या साथीला त्यांची पेटी ज्यांनी ऐकली ते आजही डोळे मिटून सांगतात. गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे ही नावंही घराघरांत आदराने घेतली जातात. म्हणूनच जाहिरातींत ती वापरली जातात: ‘या पेटीवर अमुक पंडितजींचा हात फिरलेला आहे’.

फिरलाही असेल. गावातल्या कार्यक्रमात पाहुण्या वादकाला जी पेटी पुढे केली ती त्याने वाजवली, एवढ्याने तिचे सूर सुधारत नाहीत. नावाचे पैसे मागितले तर पुरावा मागा. पुरावा म्हणजे ज्यात हीच पेटी ओळखता येते असा जुना फोटो: लाकडाचे रेघोटे, खटक्यांची जागा, जाळीची नक्षी जुळली पाहिजे. नुसता घरातल्या कोणाचा त्या कलावंताबरोबर फोटो म्हणजे पेटीचा पुरावा नव्हे.

रेडिओचा दावाही ऐकायला मिळतो. १९४० ते १९७१ या काळात रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. तेव्हा ‘१९५५ साली मुंबई केंद्रावर वाजलेली’ असं कोणी सांगितलं तर हा इतिहास त्याला आदराने सांगा आणि फोन ठेवा. मिरजेचंही तसंच. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेटीला नाही. ‘जीआय मानांकित मिरजेची पेटी’ हे शब्द कानाला चांगले लागतात, पण तशी वस्तू नाही.

घरबसल्या पेटी ऐकायची कशी

व्हिडिओ कॉलवर पेटी ऐकून निर्णय घेऊ नका. कॉल करणारी अॅप सलग चालणारा आवाज गोंगाट समजून दाबतात. पेटीचा लांब सूर तुटका ऐकू येतो, आणि ज्याची खरी गरज आहे तो हवा गळण्याचा फसफस आवाज तर अजिबात येत नाही. कॉल माणूस बघायला ठेवा. आवाजासाठी फोनवर रेकॉर्ड केलेली चित्रफीत मागा, पंखा बंद करून, खोलीत दुसरं कोणी न बोलता केलेली.

त्यात काय वाजवायचं हे आपण सांगायचं. विकणारा नेहमी त्याची ठरलेली धून वाजवतो, आणि त्या धुनेत पेटीच्या चांगल्या पट्ट्याच येतात. आधी एकच ओळ उघडी ठेवून डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, काळी-पांढरी सगळ्या, प्रत्येकी तीन सेकंद. मग दुसरी ओळ, मग दोन्ही मिळून. सूर उशिरा बोलतो का, घरघरतो का, पट्टी सोडल्यावरही रेंगाळतो का हे लिहून ठेवा. यानंतर हवेची परीक्षा. सगळे खटके बंद करून भाता मारायला सांगा. पाच-सहा वेळा मारल्यावर भाता जड झाला पाहिजे. तो तसाच सैल चालत राहिला तर हवा कुठून तरी निघून जाते आहे. शेवटी आतला भाता पूर्ण भरून एकच सूर धरायचा आणि हात काढून घ्यायचा. सूर किती सेकंद टिकतो ते मोजा आणि तीच परीक्षा आपल्या मंडळाच्या सध्याच्या पेटीवर करा. माझ्या अनुभवात यापेक्षा चांगला मापदंड नाही.

एक फोटो मी प्रत्येकाकडून मागतो. कागदावर आजची तारीख आणि ‘वेळणेश्वर’ असं लिहून तो कागद पट्ट्यांवर ठेवून काढलेला. पेटी खरंच त्या माणसाच्या घरात आहे हे एवढ्याने कळतं. दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलून वापरणारे इथेच अडकतात.

आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे आपला माणूस पाठवा. कोकणातल्या प्रत्येक घराचं कोणी ना कोणी डोंबिवलीला, विरारला, पुण्याला असतं. त्यांना वाजवता यायची गरज नाही. वर सांगितलेलं करून बघायचं आणि पेटीचा वास घ्यायचा. ओलसर, कुबट वास आला तर भात्याला बुरशी आहे. लाकडाचं पीठ पडलेलं दिसलं तर कीड. उंदराने कुरतडलेलं कापड तर लगेच कळतं.

आकडे

मी यंदा मुंबई-पुण्याच्या काही दुकानांत फोन करून विचारलं. ढोबळ चित्र असं: दोन ओळींची साधी नवी पेटी १० ते १५ हजार. चांगलं सागवान, चांगले सूर आणि नाव असलेला कारागीर असेल तर २० ते ३५ हजार. पट्ट्या सरकवून स्वर बदलणारी, ज्याला आपण स्केल चेंजर म्हणतो, ती ४० हजारांच्या पुढे, आणि तीन ओळींची असेल तर त्याच्याही बरीच वर. तुम्ही घ्यायच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

जुन्या पेटीचा हिशेब मी नव्यावरून उलटा करतो. त्याच जोडणीची नवी पेटी ३० हजारांना मिळते असं समजा. जुनी आणि निर्दोष असेल, तुमच्या माणसाने बघितली असेल, तर २० ते २२ हजार ठीक. त्यातून दुरुस्ती वजा करायची: पूर्ण लावणीचे दोन ते साडेतीन हजार तर धराच, कारण प्रवासानंतर पेटी लावावीच लागते. भाता बांधायचा असेल तर आणखी तीन-चार हजार. पट्ट्यांचं काम दोनेक हजार. सूर बदलायचे असतील तर एकेकी दीड-दोनशे. मग वाहतूक. हे सगळं वजा करून उरेल तो तुमचा आकडा. परदेशी सुरांसाठी वर चढायचं असेल तर छाप पाहिल्यावरच चढा, आणि तेही जाणत्या वादकाला सुरांचा फोटो दाखवून.

जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. पेट्या कितीला जातात ते त्यावरून कळत नाही. महिनाभर रोज जाहिराती बघून एका वहीत तारीख, वर्णन आणि भाव लिहा. एकच पेटी दोन महिने पडून राहते, ६० ची ५२ होते, ५२ ची ४५ होते. जी आठवड्यात निघून जाते तिचाच भाव बाजाराला मान्य होता. अशी वही मंडळात एकाने ठेवली तरी पुढच्या वीस वर्षांचं काम होईल.

भजनी मंडळासाठी माझं मत स्पष्ट आहे. पखवाज आणि टाळांच्या गजरात वाजणाऱ्या, दर गणपतीत घरोघरी फिरणाऱ्या पेटीला जुने पॅरिसचे सूर नकोत. तो खर्च एकट्याने बसून वाजवणाऱ्याने करावा. मंडळाला मजबूत भाता, मोकळा आवाज आणि जवळ दुरुस्त होईल अशी पेटी हवी.

पैसे देताना

‘मी लष्करात आहे, बदली झाली, पेटी कॅम्पमधून पाठवतो, आधी गाडीभाडं टाका’ हा साचा आता जुना झालाय, तरी माणसं फसतात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर त्याच तासाला १९३० वर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

दुकानदाराकडून घेतली तर बिलावर जाहिरातीतले शब्द लिहून घ्या: कुठले सूर, किती ओळी, किती पट्ट्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे आपल्यासाठी रत्नागिरीला, तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. पण आजोबांची पेटी विकणारा घरगुती माणूस हा व्यापारी नसतो, आणि त्याच्यावर हा कायदा चालवणं कठीण. तिथे तुमचं संरक्षण म्हणजे समोरासमोर तपासून दिलेले पैसे, आणि मेसेजमध्ये लिहून घेतलेलं वर्णन. फोनवर बोललेलं लगेच लिहून त्याला पाठवा: ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे भाता मूळ आहे, सूर बदललेले नाहीत, बरोबर ना?’ त्याचं ‘हो’ जपून ठेवा.

खारा वारा

शेवटची गोष्ट आपल्या किनाऱ्याची. सोलापूर-सांगलीच्या कोरड्या हवेतली पेटी वेळणेश्वरात आली की लाकूड ओलावा पितं, पट्ट्या एकमेकींना घासायला लागतात. आल्या आल्या लावायला देऊ नका. दोन-तीन आठवडे घरात राहू द्या, मग कारागीर बोलवा. शक्यतो पेटी दिवाळीनंतर आणा, म्हणजे महाशिवरात्रीच्या उत्सवापर्यंत ती रुळते. आणताना भात्याचा खटका लावून, पट्ट्यांवर जाड कापड ठेवून झाकण बंद करा. दहा-पंधरा किलोची वस्तू आहे, ती गावी येणाऱ्या माणसाच्या गाडीतून यावी, पार्सलात आपटत नको. समुद्राकडच्या भिंतीला पेटी ठेवू नका. खाऱ्या वाऱ्याने पितळ हिरवं पडतं. पावसाळ्यात रोज दहा मिनिटं वाजवा. आतून हवा खेळली की सूर मोकळे राहतात.

त्या ६८ हजारांच्या पेटीच्या मालकाने सुरांचा फोटो काही पाठवला नाही. उघडली की किंमत जाते, असं त्याचं म्हणणं. आम्ही नमस्कार करून थांबलो. दिवाळीनंतर सांगलीच्या एका निवृत्त संगीत शिक्षकांची पेटी मिळाली. त्यांनी न विचारता सांगितलं, की भाता एका कोपऱ्यात गळतो, आणि त्याचे पैसे स्वतःच कमी केले. पेटी २१,०००, भात्याचं काम २,२००, लावणी २,५००, आणण्याचा खर्च १,८००. एकूण २७,५०० रुपये मंडळाच्या वहीत लिहिलेले आहेत. सूर पालिताण्याचे आहेत.